डीजे कंट्रोलरवर चार डेक (गाणी चढवायच्या जागा) हायत पण दोनच वापरतोय, ३ आणि ४ लाईव्ह सेटमध्ये कसे कामाला लावायचे?

सांगली_बीट:
मी सांगली-माधवनगर पट्ट्यात हळदी, वाढदिवस, गॅदरिंगला वाजवतो. डीडीजे-एफएलएक्स६ हा डीजे कंट्रोलर घेतलाय, सोबत लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स हे डीजे सॉफ्टवेअर. १ वरनं २ वर ट्रान्झिशन बरं बसतं पण तिसरं गाणं चढवलं की सगळं गढूळ, बेसवर बेस आपटतो. मला रेडिमेड रिमिक्स नकोय, हलगी आणि संबळ तिथंच लाईव्ह मिसळायचंय. कुठनं सुरू करू?

मिरजकर_लूप:
भावा तिसऱ्या डेकवर अख्खं गाणं घ्यायचंच नाही, तिथं फक्त तुकडा. हलगीचा ८ बीटचा लूप (परत परत फिरणारा तुकडा) घे, इक्यूचं लो म्हणजे बेसचं बटण पूर्ण खाली कर, हलगीचा जीव मिड आणि हायमध्येच (मधल्या आणि वरच्या आवाजात) असतो, त्या बारीक काडीच्या तडतडीत. मिरवणुकीतलं रेकॉर्डिंग असलं तर वाजवणारा रंगात आला की लय वाढवतो, मग पूर्ण फाइलला ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) लावत बसलास तर रात्र जाईल, त्यापेक्षा घट्ट बसलेला तुकडा कापून वेगळी फाइल कर, पहिल्या ठोक्यावर ग्रिड लाव आणि मग सिंक, म्हणजे लय आपोआप जुळते.
आणि त्या डेकचा मास्टर टेम्पो (लय बदलली तरी सूर तोच धरणारं बटण) बंद ठेव. तो चालू असला की लय ओढताना ठोक्याची धार जाते. बंद असला तर लय वाढवली की पीच (सूर) पण जरा वर जातो, पण हलगी नुकतीच शेकल्यासारखी कडक वाजते, मला तर तेच आवडतं.

सातारा_साऊंड:
वरचं बरोबर. क्रॉसफेडर (डाव्या-उजव्या बाजूचा आवाज बदलणारा आडवा फेडर) वापरत असशील तर ३ ला थ्रूवर टाक, म्हणजे त्यावर क्रॉसफेडर चालत नाही, नाहीतर इकडचा फेडर तिकडं गेला की हलगी गायब. जॉग (गोल फिरवायच्या चकत्या) दोनच आहेत त्यामुळं हात लावायच्या आधी डेकचं बटण बघायची सवय लाव. ३ वरनं परत १ वर आलास की टेम्पो स्लायडर जुन्याच जागी असतो, सिंक चालू असेपर्यंत त्याला हलवू नको.

सांगली_बीट:
भारी! आणि ४ वर काय? नुसता संबळ?

मिरजकर_लूप:
संबळ आणि हलगी एकदम नको राव, दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात. ४ वर आवाज घे. चालू गाणंच परत ४ वर लोड कर, स्टेम्समधनं (गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी करायची सोय) फक्त व्होकल ठेव, आणि खाली २ वर नवीन बीट सुरू कर. लोक जुनंच गात असतात आणि पायाखाली दुसरं गाणं आलेलं असतं. आधी दोन्ही गाण्यांची 'की' म्हणजे पट्टी जुळते का बघून घे. लॅपटॉप जुना असेल तर व्होकल घरीच वेगळा काढून ठेव.
तीन-चार डेक म्हणजे सतत चारही वाजवायचे असं नाही. टेक्नो डीजे जेफ मिल्स तीन टर्नटेबल आणि टीआर-९०९ ड्रम मशीन घेऊन वाजवायचा, त्याचे जुने सेट ऐक, एकेक रेकॉर्ड किती पटकन काढतो बघ.

सातारा_साऊंड:
गेनचं राहिलंच. डेक वाढले की मास्टर लालमध्ये जातो, म्हणून ३-४ चे ट्रिम (गेनची बटणं) आधीच कमी ठेव. आणि ड्रॉपच्या (बीट जोरात परत येते ती जागा) आधी १६ बीट हलगी एकटी सोड, बाकी सगळे फेडर खाली. ड्रॉप आला की लूप तिथंच तोड, वर चालू ठेवू नको.