कोंबड्यांसाठी घरी केलेली निपलची पाणी-व्यवस्था : आपले अनुभव लिहा

परसकर
अडगळ आवरताना पाण्याचे जुने पसरट भांडे हाती आले आणि ओल्या तुसाचा तो डोळ्यांना झोंबणारा वास आठवला. उघड्या भांड्यात कोंबडी चोच बुडवण्याआधी पाय बुडवते, उकरलेले तूस त्यात उडवते आणि काठावर बसून उरलेले काम पूर्ण करते. त्यामुळे सकाळी घासलेले भांडे दुपारी पुन्हा गढूळ. शेवटी झाकणाच्या बादलीच्या तळाला उभे निपल (चोचीने पिन हलवली की थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोटी) बसवले. भोक आट्यांपेक्षा किंचित लहान ठेवले, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि निपल हातानेच आवळले. भांडी घासण्याचे श्रम वाचले हे खरे, पण माझ्या मते मोठा लाभ खुराड्यातील तुसाची गादी कोरडी राहण्याचा आहे, कारण ओलाव्यामुळे अमोनिया वाढतो आणि रक्ती हगवणीच्या परजीवीलाही संसर्गक्षम होण्यासाठी ओलच लागते. आपण काय आणि कसे केले, ते लिहावे.

गळकी बादली
माझ्या नावाचा या व्यवस्थेशी काहीही संबंध नाही, हे आधीच नमूद करते. बादलीत पाणी भरपूर असूनही निपल कोरडे पडत असेल, तर प्रथम झाकण तपासावे. झाकण हवाबंद असले की पाणी उतरताना आत पोकळी निर्माण होते आणि प्रवाह थांबतो. झाकणाला कडेशी एक बारीक छिद्र पाडले की पुरते.

पाइपवाले
कोंबड्या अधिक असल्यास पीव्हीसी पाइप सोयीचा पडतो. मात्र तो घरच्या नळाला थेट जोडू नये. हे निपल अगदी कमी दाबासाठी बनवलेले असल्याने जास्त दाबाखाली ते गळत तरी राहते, नाहीतर त्याची पिन चोचीला हलत नाही. नळ आणि पाइप यांच्यामध्ये फ्लोट व्हॉल्व्हची (पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप बंद होणाऱ्या झडपेची) लहान टाकी, पाइपपेक्षा थोड्याच उंचीवर ठेवली, की दाब आपोआप मर्यादेत राहतो. पाइप पाणसळीने समपातळीत बसवावा, कारण उंचवट्याच्या जागी हवा अडकते आणि तेथून पुढच्या निपलांना पाणी मिळत नाही. शेवटच्या टोकाला उघडता येणारे टोपण ठेवावे. जीवनसत्त्वे किंवा औषध पाण्यातून दिल्यावर पाइप धुऊन काढला नाही, तर आतून बुळबुळीत थर धरतो.

खुडूक
सगळेजण पाइपाविषयीच लिहीत आहेत, कोंबड्यांविषयी कोणी लिहील का? पिल्ले चमकणाऱ्या पिनेवर कुतूहलाने चोच मारतात आणि लगेच शिकतात. अडचण जुन्या, हेकट कोंबड्यांची असते. बोटाने पिन हलवून थेंब दाखवावा, आणि प्रत्येक कोंबडी निपलवर पिताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुने भांडे काढू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. नव्या पिल्लांसाठी निपल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावे. वाढत्या तलंगांसाठी (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांसाठी) ते हळूहळू इतके वर न्यावे, की पाय जमिनीवर सपाट ठेवून मान वर ताणून पिता येईल. निपल खाली राहिले, तर पाणी चोचीच्या कडेने सांडते आणि गादी पुन्हा ओली होते.

तळ्याकाठी
बदकांना हे चालेल काय?

खुडूक
@तळ्याकाठी, केवळ यावर नाही. बदकांना नाकपुड्या आणि डोळे धुण्यासाठी चोच बुडेल एवढे खोल पाणी लागते. आपल्याकडचा चिखल अटळ आहे, माझी सहानुभूती.

परसकर
पाइपवाले, पाणसळीचा मुद्दा उत्तम. एक भर घालतो: पांढऱ्या, अर्धपारदर्शक बादलीत उजेड शिरून शेवाळ धरते, म्हणून गडद रंगाची बादली घ्यावी आणि ती सावलीत टांगावी. अंड्यावरची कोंबडी साधारण हवामानात दिवसाला 200 ते 250 मिलि पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुपटीपर्यंतही; पण पाणी तापले, तर नेमक्या गरजेच्या वेळी ती कमी पिते. जड पाण्याचे क्षार पिनेवर साचले, तर निपल काढून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावे.

गळकी बादली
शिवाय उघड्या भांड्यातले पाणी संपलेले येता-जाता दिसते, बंद बादलीतले दिसत नाही. मी खुराडे उघडताना प्रत्येक पिन बोटाने दाबून पाहते. थेंब आला नाही, तर तेव्हाच उलगडा होतो.

नवखा
चार कोंबड्यांना एक निपल पुरेल ना?

पाइपवाले
हिशेबाने पुरेल, स्वभावाने नाही. एकच निपल असले, की दांडगी कोंबडी त्याच्यासमोर ठाण मांडते आणि दुबळी तहानलेली राहते. दोन बसवा आणि त्यांच्यात एवढे अंतर ठेवा, की एकीला दोन्हींवर पहारा देता येणार नाही. एक अडकले, तरी दुसरे चालू राहते.

नवखा
आमची दांडगी कोण, हे विचारण्याची गरजच नाही. दोनच्या जागी तीन बसवतो.