मदत हवी आहे: डोक्याची खाज जातच नाही

दोन वर्षं झाली, डोकं खाजतंय. कानामागे, भुवयांतसुद्धा पिवळसर, तेलकट पापुद्रे सुटतात. काळा शर्ट घालणं सोडूनच दिलंय. डॉक्टरांनी सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेच्या तेलकट भागांवर येणारा दाह, असं सांगितलं. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट (एक प्रकारची बुरशी) सगळ्यांच्याच त्वचेवर असतं म्हणे, माझ्या त्वचेला ते सोसत नाही इतकंच. २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं ठेवून धुतला की आराम पडतो. बंद केला की पुन्हा नखं डोक्यात! (तेल लावून बघ, हा सल्ला कृपया नको. लावलं होतं, खपल्या वाढल्या.) हाच त्रास असणाऱ्यांनी सांगा ना, बरं वाटल्यावरही शाम्पू चालू ठेवता का? किती दिवसांनी? आणि झोपेतलं खाजवणं कसं थांबवलंत?