रहस्यकथेत भुताची साक्ष धरायची का?

शहापूरकर:
पाऊस लागलाय, लाईट येऊन-जाऊन करायलीय, म्हणून भाचीनं दिलेली एक कोझी मिस्टरी वाचून काढली. छोटं गाव, चहा-केकचं दुकान, रक्तपात पडद्याआड आणि पोलिसांपेक्षा हुशार दुकानवाली बाई. या सगळ्याला माझी हरकत नाही, उलट आवडतंच. पण यात खून झालेला घरमालक भूत होऊन दुकानात येतो आणि शेवटी येऊन खुन्याचं नावच सांगतो! मग कोण किती वाजता कुठं होता हे मी वहीत मांडत बसलो, ते कशाला?

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकारानं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यात भुताखेतांना सरळ बंदी आहे. आणि हा नॉक्स कॅथलिक पाद्री! शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल तर प्रेतात्म्यांवर विश्वास ठेवणारा. १९२२ मध्ये पऱ्यांच्या फोटोंवर पुस्तक लिहून मोकळा झाला, पण होम्सच्या दारात खरं भूत त्यानं उभं केलं नाही. बास्करव्हिलचा तो पेटता कुत्रासुद्धा शेवटी फॉस्फरस फासलेला निघतो. श्रद्धा असलेल्यांनीच हे पथ्य पाळलंय, हे लक्षात घ्या.

टिळकवाडीची अक्का:
अण्णा, राग लेखकाचा, तो भुतावर कशाला काढायलाय? भूत शेवटी टपकून नाव सांगतंय हा लिहिणाऱ्याचा आळस. भुताला काय जमतं आणि काय जमत नाही, हे आधी सांगून टाकलं की डाव सरळ होतो.

आपला मुंजाच घ्या की. मुंज झालेलं, सोडमुंजीआधी गेलेलं पोर. पिंपळ सोडून जाता येत नाही. समजा खानापूरकडच्या एका जुन्या वाड्यात खून झालाय आणि परसात पिंपळ आहे. मुंज्याला दिसणार काय? मागचं दार, विहीर आणि न्हाणीघराची भिंत, बस्स. तो सांगेल, ‘काकी रात्री कंदील घेऊन आली, कळशी काठावर ठेवली, पाण्यात काहीतरी टाकलं आणि रिकामीच कळशी घेऊन परत गेली.’ आठ-नऊ वर्षांच्या पोराला मृत्युपत्र ठाऊक नाही, विषाची बाटली ओळखता येत नाही. काकीनं काय टाकलं, का टाकलं, हे शोधायचं काम तुमचंच उरलं. शेजारच्या लहान पोरानं खिडकीतून बघितलं असतं तर चाललं असतं ना तुम्हाला?

निपाणीकर:
मुंजा थापा मारायला लागला तर उलटतपासणी कुणी घ्यायची? वकिलाला पिंपळावर चढवायचं काय?

शहापूरकर:
माझं दुखणं तेच आहे. साक्षीदार खोटं बोलू शकतो म्हणून तर रहस्यकथेला मजा. भुतानं खोटं बोलल्याचं मी अजून वाचलं नाही. ते आलं की लेखक त्याचं म्हणणं वेदवाक्य करून टाकतो.

येळ्ळूरचा वाचक:
वेताळपंचविशी विसरला काय सगळे? सोमदेवाच्या कथासरित्सागरात ती आहे, म्हणजे अकराव्या शतकातली. प्रेतात शिरलेला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून कोडं घालतो, उत्तर देतो राजा, तेही डोकं चालवून. भूत आणि तर्क एकत्र नांदतात की. नॉक्सच्या आधी नऊशे वर्षं हे चाललंय.

शहापूरकर:
नांदतात, पण वेगळ्या खोलीत. वेताळ विचारतो मुलीचा खरा नवरा कोण, मोठेपण कुणाचं. तो न्यायनिवाडा झाला. तिथं ठसे शोधायचे नसतात, कोण खोटं बोलतंय ते पकडायचं नसतं.

खानापूरवाली:
मी जरा वेगळं बोलते. कोझीत मला खटकतं ते मेलेल्या माणसाचं. सुरुवातीलाच प्रेत पडतं आणि नंतर सगळे केक खायला मोकळे. तो माणूस कसा होता, कुणाला त्याचं वाईट वाटलं का, काही नाही. भूत आलं की निदान मेलेल्याला तोंड फुटतं. आपल्याकडं अशी गोष्ट कुणी लिहिली, तर बेळगावात कुंद्याचं दुकान घ्यावं, आणि मेलेला हलवाई रोज सकाळी कढईशी उभा राहून पोराला बोलत असावा, ‘आच वाढव, रंग चढला नाही अजून.’ खुनी कोण ते त्यालाही ठाऊक नाही, मागून वार झालाय. पण उधारी कुणाची थकली होती, कुठला नातेवाईक नेमका त्याच आठवड्यात गोड बोलायला लागला होता, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? मला ते कोडं नाही सुटलं तरी चालेल. हलवायाची गाठ पडली म्हणजे झालं.

निपाणीकर:
हे वाचीन. पण हलवायाला उधारीची वही उघडता येणार का? भुताच्या हाताला वस्तू लागते की नाही, आधी ठरवा.

शहापूरकर:
लागू नये. पानं पोरानंच उलटायची. आणि उधारीचा आकडा हलवायानं एकदा तरी चुकीचा सांगावा, एवढी अट मान्य असेल तर भुताला माझी हरकत नाही. त्या घरमालकाला मात्र मी दारात उभं करणार नाही. भाचीकडं त्याचाच दुसरा भाग आहे म्हणे, तिलाच लखलाभ.

टिळकवाडीची अक्का:
दुसरा भाग वाचलाय मी. त्यात घरमालक धडधडीत खोटं बोलतो, स्वतःच्या मुलाला वाचवायला. पुढचं सांगत नाही.