लॅब्रॉडॉर, ७ वर्षं, ३८ किलो: वजन उतरवायला काय करू?

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. नाव चिंगी, पण अंगापिंडाने चिंगी अजिबात नाही. लॅब्रॉडॉर मादी, वय ७, स्पे (पिल्लं न होण्याचं ऑपरेशन) झालेली. परवा डॉक्टरांकडे काट्यावर उभी केली तर ३८.२ किलो. डॉक्टर म्हणाले, ३० च्या आसपास हवी. शरीरयष्टीला ९ पैकी ८ गुण दिले. ४-५ गुण म्हणजे उत्तम, त्यामुळे पेढे वाटण्यासारखं काही नाही. हल्ली जिना चढताना मधेच बसते आणि देखावा बघायलाच थांबलोय असा आव आणते.

खुराक: सकाळ-संध्याकाळ एकेक मग ड्राय फूड. मग म्हणजे दांडा तुटलेला कॉफीचा मग. बाकी काही नाही. सासरे चहाबरोबर एखादं बिस्किट देतात, तेवढंच.

अटी: पथ्याचं महागडं पाकीट सध्या परवडणार नाही. फिरवायला संध्याकाळचा अर्धा तासच आहे. पळणं माझ्याच्याने होत नाही. या अटींत बसेल असं सुचवा, प्लीज.

रॉकीचा_बाबा
पथ्याचं पाकीट आणा, विषय संपला. आमचा रॉकी ४१ वरून ३४ वर आला, सात महिन्यांत. फोटो बघून लोक विचारतात, हा तोच का?

चिंगीची_आई
दादा, पहिली अट वाचलीत का?

रॉकीचा_बाबा
वाचली. गुडघ्याचं ऑपरेशन त्याहून महाग पडतं. शिवाय साधं खाणं नुसतं निम्मं केलं की प्रोटीन, व्हिटॅमिनंही निम्मी होतात. पथ्याच्या खाण्यात कॅलरी कमी, पण प्रोटीन आणि फायबर जास्त असतं. पैसे त्याचे असतात.

पहाटपळ्या
खाण्याचं सोडा, पळवा तिला. माझा बीगल रोज माझ्याबरोबर ५ किमी पळतो. बरगड्या मोजून घ्या.

पगवेडी
@पहाटपळ्या, कृपा करून असले सल्ले देऊ नका. आमच्या पगला आम्ही असंच उत्साहाने पळवलं होतं. दहाव्या मिनिटाला जीभ निळसर, घशातून करवतीसारखा आवाज आणि मांडीवर घेऊन धावत दवाखाना. चपट्या नाकाच्यांना तर उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही, आणि अंगावर चरबीची गोधडी असली की कुठल्याही कुत्र्याची तीच गत. चालवा. वाटलं तर पोहवा, पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. पळवू नका.

पहाटपळ्या
पग हा कुत्राच नाही, ती उशी आहे.

पगवेडी
बरं.

वाटी_काटा
ताई, तो मग आधी फेकून द्या. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा असेलच, नसला तर तेवढी एकच खरेदी करा. मगाने मोजणं म्हणजे अंदाजपंचे.

हिशोब असा. शांत बसलेल्या कुत्र्याला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी म्हणजे ७० गुणिले किलोतल्या वजनाचा पाऊण (०.७५) घात. वजन उतरवताना इथे आजचं वजन नाही, पाहिजे ते वजन घालायचं. ३० किलोला साधारण ९०० कॅलरी येतात. त्यातल्या जास्तीत जास्त दहा टक्के, म्हणजे ९०, वरच्या खाऊला. उरल्या ८१०. पाकिटावर १०० ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं. समजा ३६० असतील, तर दिवसाचे २२५ ग्रॅम. दोनदाच नाही, चारदा विभागून दिलं तरी चालेल, पण सगळं मिळून २२५.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं की गाडी रुळावर आहे. तिच्या बाबतीत साधारण पावणेचारशे ते साडेसातशे ग्रॅम. रॉकीच्या बाबांचा मुद्दा एका बाबतीत बरोबर आहे: साधंच खाणं ठेवणार असाल तर हा आकडा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि मनाने त्याच्या खाली जाऊ नका.

सोनसळी
थायरॉइड तपासलं का? आधी ते करा. आमच्या गोल्डन रिट्रीव्हरला आम्ही वर्षभर अर्धपोटी ठेवलं, तरी फुगतच होता. दिवसभर झोप, हीटरला चिकटून बसणं, शेपटीचे केस जाऊन उंदरासारखी शेपूट. घरात रोज भांडणं, कोण चोरून घालतंय यावरून. निघालं थायरॉइड. गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत पुन्हा बॉल आणायला लागला. अजून त्याच्या डोळ्यात बघवत नाही.

रॉकीचा_बाबा
+१ थायरॉइड. आणि पाणी फार पीत असेल, पोट लोंबत असेल तर कुशिंग (हार्मोनचा आजार) आहे का तेही बघा. तोवर पथ्याचं पाकीट.

जुनी_सदस्य
स्पे केलंत तिथेच गणित चुकलं. आमच्या वेळी कुणी करत नव्हतं आणि सगळी कुत्री सडपातळ होती.

पगवेडी
आणि गर्भाशयात पू होऊन जायची, तेही सांगा. आमच्या पहिल्या कुत्रीला ऐन मध्यरात्री ऑपरेशनला न्यावं लागलं होतं.

वाटी_काटा
दोघींचंही थोडं थोडं खरं. स्पेनंतर कॅलरीची गरज साधारण पाव हिश्श्याने उतरते आणि भूक वाढते. ऑपरेशनच्या वेळीच खाणं कमी केलं तर वजन वाढत नाही. पण ते कुणी सांगत नाही, सांगितलं तर कुणी ऐकत नाही. आता सात वर्षांनी त्यावर वाद घालून चिंगी एक ग्रॅमने उतरणार नाही.

वाचाळ_वाचक
थोडं अवांतर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की जवळजवळ पाव लॅब्रॉडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे चिंगी उपाशीपणाचं नाटक करते असं तुम्हाला वाटत असेल, तर कदाचित ते नाटक नसेलही.

दुसरं, ४८ लॅब्रॉडॉरवर चौदा वर्षं चाललेला एक प्रयोग आहे, निष्कर्ष २००२ मध्ये छापले गेले. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणारे साधारण १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांचं सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं.

पहाटपळ्या
म्हणजे जनुकं आहेत म्हणून हातावर हात ठेवून बसायचं?

वाचाळ_वाचक
असं मी कुठे लिहिलंय?

खारूताई
खाऊसाठी गाजर, काकडी, वाफवलेल्या फरसबीच्या शेंगा. आमची गाजर असं कुडुमकुडुम खाते की शेजारी विचारतात. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण बिलकुल नको. आणि "शुगर फ्री" पीनट बटर देऊ नका! मी वजन कमी करायचं म्हणून मुद्दाम शुगर फ्री आणलं. बरणीवर बारीक अक्षरात झायलिटॉल, साखरेऐवजी घालतात ते. माणसाला ते चालतं, कुत्र्याची साखर धाडकन खाली येते, लिव्हरही जाऊ शकतं. अर्ध्या तासात पाय लटपटायला लागले. रात्रभर सलाइन. शहाणपणा केला की असं होतं.

पहाटपळ्या
घरी वजन करायचं तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. सोपं आहे.

चिंगीची_आई
३८ किलो? उचलून?

पहाटपळ्या
म्हणूनच म्हणतो व्यायाम पाहिजे. तुम्हालाही.

चिंगीची_आई
सगळ्यांचे आभार (जवळजवळ सगळ्यांचे). काल काटा काढून बसले. माझ्या हातचा मग १४० ग्रॅम, नवऱ्याच्या हातचा शिगोशीग १७५. दिवसाचे ३१५. पाकिटावर खरंच ३६० लिहिलंय, म्हणजे ११३४ कॅलरी.

मग बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, "एखादं" बिस्किट. चार दिवस काही न बोलता डबा मोजला. रोज सात कमी होतात. ते अर्धं मोडतात, अर्धं तिला देतात, मग उरलेल्या अर्ध्याकडे ती बघते म्हणून तेही देतात, आणि त्यांच्या हिशोबी ते एकच बिस्किट, आणि एक मोजायचं नसतं. एकाला ४० कॅलरी. सात म्हणजे २८०.

रॉकीचा_बाबा
डबा कुलपात.

सोनसळी
+१. सासऱ्यांना स्पष्ट सांगा. आणि थायरॉइड.

खारूताई
डबा लपवा. बिस्किटांच्या जागी गाजर ठेवा.

जुनी_सदस्य
वडीलधाऱ्या माणसाला असं तोडून बोलू नये. पण डबा लपवाच.

चिंगीची_आई
*(पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय)*

रक्ततपासणी केली, थायरॉइड ठीक. सोनसळी, तुमच्यामुळे केली, डोक्यातला किडा गेला.

डबा लपवला नाही. काटाच बाबांच्या ताब्यात दिला. जन्मभर दुसऱ्यांचे हिशोब तपासलेला माणूस. म्हटलं, डॉक्टरांनी २२५ ग्रॅम मंजूर केलेत, जमाखर्च तुम्ही बघा. त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले. सकाळी ते चष्मा लावून काट्यावर दाणे टाकतात आणि आकडा २२६ झाला तर एक दाणा चिमटीने परत काढतात. चिंगी पलीकडे बसून त्या दाण्याचा प्रवास बघते.

त्यातले २५ ग्रॅम ते एका वाटीत बाजूला ठेवतात आणि चहाच्या वेळी एकेक दाणा देतात. तिला काय दिलं यापेक्षा किती वेळा हात पुढे आला यातच रस आहे असं दिसतंय. बिस्किट पूर्ण बंद केलेलं नाही. रोज अर्धं, म्हणजे २० कॅलरी, वरच्या ९० मध्ये आरामात बसतं. तुम्ही सगळे नको म्हणालात ते माहीत आहे. ते अर्धं बंद केलं असतं तर बाबांनी डायरीही बंद केली असती.

फिरणं अर्धा तासच, पण आता विजेच्या खांबांवर वाचन करत बसू देत नाही.

दर आठवड्याला दवाखान्यातल्या काट्यावर जातो. ३८.२ वरून ३६.३. तिसऱ्या आठवड्यात उलट २०० ग्रॅम वाढले, तेव्हा बाबांनी चौकशी बसवली. शेजारचं मांजर आपली वाटी आमच्या कुंपणाजवळ अर्धी टाकून जातं असं निघालं.

वाटी_काटा
आठवड्याला ३८० ग्रॅम, नेमका एक टक्का. उत्तम. पुढे वजन अडेल, तेव्हा घाबरून एकदम कमी करू नका, डॉक्टरांना विचारून थोडं थोडं.

पगवेडी
आमचा आता १२ किलोचा आहे. सासरे काही दिवस उसने मिळतील का?

रॉकीचा_बाबा
पथ्याचं पाकीट आणलं असतं तर एव्हाना ३५ दिसले असते.

चिंगीची_आई
बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी डायरीतली कालची नोंद लिहून पाठवायला सांगितली आहे: "बिस्किट अर्धे. मागणी नऊ वेळा. मंजूर एकदा."

पहाटपळ्या
पाच आठवड्यांत फक्त १.९? पळवलं असतं तर पाच उतरले असते.

पगवेडी
किलो की गुडघे?