शब्दचर्चा : कॉलेज ‘सोडलं’, ‘सुटलं’ की ‘गळती’?

प्राचार्या, अमरावती जिल्हा

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामीण महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल लिहायला घेतलाय. त्यात ‘विद्यार्थी गळती’ असा एक रकाना आहे आणि त्याखाली फक्त आकडा भरायचा. हा शब्द शिक्षण खात्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे आहे. पण गावात एकही आई ‘माह्या पोराची गळती झाली’ म्हणत नाही. कानावर येतं ते ‘शिक्षण सुटलं’, ‘कालेज सोडलं’, ‘घरीच बसून राह्यला’. या तिन्हींचा अर्थ एकच आहे का? मला नाही वाटत. माणूस बोलताना कोणतं क्रियापद निवडतो, त्यावरून पुढे त्याच्यासाठी काय करता येईल ते ठरतं, असा माझा अनुभव आहे. जाणकारांनी सांगावं.

मराठीचे प्राध्यापक, यवतमाळ

मॅडम, ‘सोडणे-सुटणे’ ही ‘तोडणे-तुटणे’, ‘फोडणे-फुटणे’ यांच्यासारखी जोडी. पहिलं सकर्मक, कर्ता समोर उभा असतो : त्यानं कॉलेज सोडलं. दुसरं अकर्मक : त्याचं कॉलेज सुटलं. इथे तो कर्ता राहत नाही, ‘त्याचं’ या षष्ठीत सरकतो. वाक्यात कॉलेजच सुटतं, तो मागे राहतो. म्हणून ‘सोडलं’ म्हणणाऱ्याला ‘का सोडलंस?’ विचारता येतं. ‘सुटलं’ म्हणणाऱ्याला विचारायचं ते ‘कशामुळे सुटलं?’

‘शाळा सुटली’चे दोन अर्थ आहेतच, घंटा झाली हा रोजचा आणि कायमची सुटली हा दुसरा. ‘माझी’, ‘तिची’ लागलं की बहुधा दुसरा.

आणखी एक. ‘सुटणे’चं प्रयोजक रूप इथे चालत नाही. ‘सोडवणे’ म्हणजे गणित सोडवणे, भांडण सोडवणे. ‘मुलीचं कॉलेज सोडवलं’ असं क्वचितच कुणी म्हणतं. त्या जागी मराठीनं दुसरं क्रियापद उभं केलंय : ‘घरी बसवलं’. बसणे आणि बसवणे यांतला हा ‘व’ फार महत्त्वाचा. ‘मुलगी घरी बसली’ यात निर्णय कुणाचा ते कळत नाही, ‘बसवली’ म्हटलं की कळतं.

कापूस उत्पादक, अकोट

गळती शब्द वाईट नाही बाप्पा. आमच्या कपाशीत पातेगळ (म्हणजे कळ्या गळणं) असते, फुलगळ असते, बोंडगळ असते. पण पातेगळ दिसली की आम्ही नुसता आकडा लिहून बसत नाही. वावरात पाणी साचलं का, ढगाळ लय दिवस राह्यलं का, खत कमी पडलं का, अळी हाये का, हे पाहतो. थोडी गळ झाड आपसुक करते, तेही खरं. पण पराटीलाच, म्हणजे कपाशीच्या झाडालाच, दोष देणारा कास्तकार मी पाह्यला नाही. तुमच्या कागदात गळती हाये, कारणाचा रकाना हाये का?

प्राचार्या, अमरावती जिल्हा

भाऊ, नाही. म्हणूनच विचारते आहे.

आमच्याकडे परीक्षा दोन, हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळीचे फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा सोयाबीनची सोंगणी उरकत असते आणि कापसाची वेचणी सुरू झालेली असते. ‘वेच्याला गेली’ हे कारण हजेरीपटात कुठेच येत नाही, तिथे फक्त ‘अ’ येतो. मग हजेरी कमी, मग फॉर्म अडतो, मग विलंब शुल्क. विलंब शुल्क भरायला पुन्हा मजुरी. अशा वेळी पोरगी म्हणते, ‘मॅडम, माह्यं सुटलंच समजा.’ तिनं काहीही सोडलेलं नसतं.

एक प्रसंग सांगते. बीएच्या पहिल्या वर्षाची मुलगी कार्यालयाच्या खिडकीशी उभी. प्लास्टिकच्या पिशवीत बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज मंजूर दिसत होता, पण पैसे जमा नव्हते, कारण बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. तिला वाटत होतं कॉलेजनं अर्ज पाठवलाच नाही, बाबूंना वाटत होतं तिला खातं कुठलं ते कळत नाही. दोघंही चिडलेले. तिची मुक्कामी गाडी सकाळी सहाला गावातून निघते, परतीची दुपारी. दुपारची गाडी चुकली असती तर दुसऱ्या दिवशी ती आलीच नसती, आणि पुढच्या अहवालात ‘गळती’त एक अंक वाढला असता. आमच्या शिपाईकाकांनी तिला बँकेत नेलं, फॉर्म भरून घेतला. काम वीस मिनिटांचं होतं.

आता सांगा, प्राचार्याच्या कामाचं नाव काय? ‘नेतृत्व’ म्हणतात. माझ्या मते असल्या वीस मिनिटांना कुणीतरी ठरलेला माणूस लावून देणं हेच ते.

मुख्य लिपिक, बुलडाणा जिल्हा

मॅडम, ‘निकाल’ या शब्दाचीही चर्चा व्हावी. प्रसिद्धिपत्रकात तीन शब्द असतात : नोंदणी, प्रविष्ट, उत्तीर्ण. निकालाची टक्केवारी काढतात ती प्रविष्ट झालेल्यांवर. समजा पहिल्या वर्षाला १०० मुलांनी प्रवेश घेतला, परीक्षेला बसले ६०, पास झाले ५४. निकाल लागला ९० टक्के! फलक लागतो, पेढे वाटतात. प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबानं तो ५४ आहे. परीक्षेलाच न बसलेली ४० मुलं ‘निकाल’ या शब्दात मावतच नाहीत.

प्राचार्या, अमरावती जिल्हा

अगदी बरोबर. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये मी ‘निकाल किती?’ हा प्रश्न बंद केलाय. ‘जूनमध्ये आलेले किती टिकले?’ असं विचारते. ‘टिकणे’ हा शब्द मुलांनाही पटतो.

वाचक, सध्या अमेरिकेत

इथल्या कम्युनिटी कॉलेजांत हाच वाद झालेला आहे. ही दोन वर्षांची, सगळ्यांना दार उघडं असलेली कॉलेजं. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं. बराच काळ सरकारी पैसा मुख्यतः पटसंख्येवर मिळायचा, त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला किती आले यालाच महत्त्व. पुढे किती जणांनी अभ्यासक्रम पुरा केला, हे विचारायला लागले. भारतातही बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘समुदाय महाविद्यालय’ योजना आणली होती. हा शब्द तिकडे रुळला का?

मराठीचे प्राध्यापक, यवतमाळ

कागदावर रुळला, तोंडात नाही. लोक ‘गावचं कॉलेज’ म्हणतात. कल्पना मात्र विदर्भाला नवी नाही. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, पण त्याआधी श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं. आधी राहण्याजेवणाची सोय, मग वर्ग. खेड्यातल्या मुलाचं शिक्षण कुठे सुटतं ते त्यांना नेमकं माहीत होतं. आज राज्य सरकारची वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना त्यांच्याच नावानं आहे.

शब्दांत आणखी एक भर घाला : ‘खंड’. ‘शिक्षणात खंड पडला’ म्हटलं की पुढचा तुकडा येणार हे गृहीत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, एक वर्ष पुरं करून बाहेर पडणाऱ्याला ठरलेले श्रेयांक (क्रेडिट) आणि कौशल्य अभ्यासक्रम झाला असेल तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. अशा मुलाला ‘गळती’त घालणं चूक ठरेल. त्याचा खंड आहे.

माजी विद्यार्थिनी, वाशीम जिल्हा

सर, खंड पडलेल्यांना हे सांगतं कोण? माझं दुसऱ्या वर्षी लग्न झालं. परत येता येतं हे मला गावातल्या अंगणवाडी ताईंनी सांगितलं. आता मुक्त विद्यापीठातून करते आहे. आमच्याकडे त्याला ‘बाहेरून करते’ म्हणतात आणि थोडं कमी लेखतात. कृपया ते ‘बाहेरून’ही तुमच्या टिकलेल्यांत धरा.

प्राचार्या, अमरावती जिल्हा

धरेन, ताई. नक्की. आणि यापुढे टीसी काढायला येणाऱ्या प्रत्येकाला खंडाचा नियम खिडकीवरच सांगायचा, हे उद्याच बाबूंना लेखी देते.

अहवालाला मी स्वतंत्र तक्ता जोडणार आहे. रकाने : सोडलं, सुटलं (कशामुळे), खंड (परत कधी येणार), घरी बसवलं. पालक-प्राध्यापकांनी, म्हणजे ज्यांच्याकडे ती मुलं सोपवलेली असतात त्या प्राध्यापकांनी, फोन करून प्रत्येक नावापुढे माहिती भरायची.

मुख्य लिपिक, बुलडाणा जिल्हा

‘घरी बसवलं’ शासकीय कागदात चालेल का? ‘पालकांच्या निर्णयाने प्रवेश रद्द’ असं लिहितात सहसा.

प्राचार्या, अमरावती जिल्हा

तसं लिहिलं की पुढच्या वर्षी त्या घरी कुणी जात नाही. मी ‘घरी बसवलं’ असंच लिहिणार आहे, अवतरणचिन्हात, आणि शेजारी भेटीची तारीख.