तीन वर्षांचा नियम पोरांच्या भल्यासाठी?

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय ती पोरांना घेत नाही. यावर काहींचं म्हणणं असं की अठरा-एकोणीसच्या पोराचं शरीर तिथला मार झेलायला तयार नसतं, म्हणून थांबवतात ते योग्यच. शरीराचं पटतं, पण कोर्टात हा नियम टिकला तो काही पोरांच्या काळजीपोटी नाही. ओहायो स्टेट या कॉलेजकडून खेळणाऱ्या मॉरिस क्लॅरेटने या नियमाविरुद्ध केस केली, फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकलासुद्धा, आणि मे महिन्यात अपील कोर्टाने निकाल फिरवला (निकालपत्र सोनिया सोटोमायोर यांचं, त्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाल्या त्या नंतर). कारण काय, तर आत कोणाला घ्यायचं हा लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्या वाटाघाटीचा विषय. आता युनियनमध्ये कोण, तर आधीच आत असलेले, त्यांना आपली जागा घ्यायला येणारं पोरगं लवकर कशाला हवंय!

आणि या सगळ्यात खरा भरडला गेला तो यूएससी या कॉलेजचा खेळाडू माइक विल्यम्स. क्लॅरेट जिंकला म्हणून यानेही ड्राफ्टला (एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्याला) नाव दिलं, एजंट नेमला, मग निकाल फिरल्यावर एनएफएलचं दार बंद आणि एजंट नेमला म्हणून कॉलेजकडूनही परत खेळता आलं नाही, कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने अर्ज फेटाळला. २००४ चा अख्खा सीझन घरी. २००५ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटच्या संघाने दहाव्या नंबरला घेतला खरा, पण कॉलेजातला तो माइक विल्यम्स तिथे काही दिसला नाही. वयाची अट ठेवा हवी तर, पण ड्राफ्टला नाव दिलं की कॉलेजचा रस्ताही बंद, हे कशासाठी?