पल्सगणिक डेटा जुळवायचा आहे: सॉफ्टवेअरच्या आवश्यकता लिहिताना काय विसरू नये?

वेर्णे_एम्बेडेड

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहितो. आजवरचं काम मोटर कंट्रोलर आणि पॅकिंग लाइनचं. आता पहिल्यांदाच एका इलेक्ट्रॉन लिनॅकच्या (इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्राच्या) टेस्ट स्टँडसाठी डेटा अ‍ॅक्विझिशनचं काम हाती आलंय. एसआरएस (सॉफ्टवेअरच्या आवश्यकतांचा दस्तऐवज) चवथीच्या सुट्टीआधी द्यायचाय.

सेकंदाला 10 पल्स. तीन क्रेट (मोजमापाची कार्डं बसवलेले खोके) आहेत. पहिल्यात क्लायस्ट्रॉनची (बीमला वेग देणाऱ्या आरएफ लहरी पुरवणाऱ्या नळीची) पॉवर आणि कॅव्हिटीचा फेज, दुसऱ्यात बीम पोझिशन मॉनिटर (बीपीएम), तिसऱ्यात करंट ट्रान्सफॉर्मर आणि मॅग्नेटचे पॉवर सप्लाय. शिवाय व्हॅक्यूम गेज आणि थंड पाण्याचं तापमान. वर ईपिक्स (अशा यंत्रांचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर), आणि क्रेटची घड्याळं एनटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून जुळवलेली.

आतापर्यंत लिहिलेलं मुख्य वाक्य असं: "सर्व चॅनलचा डेटा रिअल-टाइममध्ये समक्रमित असावा." वाचताना मलाच ते पोकळ वाटतं. आणि त्याला कारणही घडलंय. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली. आमच्या बेंचवर नकली पल्स चालू होते, यूपीएस दोनच क्रेटना होता. वीज परत आली तेव्हा दोन क्रेटचे काउंटर 48 हजारांच्या पुढे चालू होते, तिसऱ्याचा शून्यापासून सुरू झाला. स्क्रीनवर सगळं हिरवं. संध्याकाळी फाइल उघडली तेव्हा कळलं, की दुपारपासूनचा सगळा डेटा एकमेकांशी जुळतच नाही. हे ग्राहकाकडे घडायला नको. काय काय लिहू?

कंट्रोलरूम_निवृत्त (फोंडा)

अरे बाबा, आधी ते वाक्य काढून टाक. "रिअल-टाइम" आणि "समक्रमित", दोन्हींची चाचणी घेता येत नाही. ज्याची चाचणी घेता येत नाही, त्यावरून बिलाच्या वेळी भांडण होतं.

त्या जागी एवढं लिही: प्रत्येक मोजमापासोबत ते कोणत्या पल्सचं आहे त्याचा नंबर असलाच पाहिजे, आणि तो नंबर टायमिंग सिस्टीमकडूनच आलेला असला पाहिजे. क्रेटने आपापलं मोजायचं नाही. तुझा जूनचा घोटाळा नेमका त्यातूनच झाला.

घड्याळावर भिस्त ठेवून मी एकदा पोळलो आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, एका प्रयोगशाळेतली. आरएफचा फेज हलला की बीमची ऊर्जा किती हलते ते पाहत होतो. ऊर्जा आम्ही वळणानंतरच्या बीपीएमवरून काढायचो. सरळ रेघ यायला हवी होती, येत होता नुसता ढग. टाइमस्टॅम्प मिलिसेकंदापर्यंत जुळत होते, म्हणून अ‍ॅक्विझिशनवर कुणाचा संशयच गेला नाही. दोन आठवडे आम्ही आरएफवाल्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी एका रात्रपाळीत गनचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचा) ट्रिगर एका पल्सपुरता रोखून पाहिला. करंट मॉनिटरमध्ये खड्डा 4711 वर पडला. बीपीएममध्ये 4712 वर.

कार्डात दोन बफर होते. ट्रिगरचा इंटरप्ट आला की ड्रायव्हर भरलेला बफर उचलायचा, म्हणजे मागच्या पल्सचा, आणि त्यावर आत्ताची वेळ मारायचा. ती वेळ डेटा वाचल्याची होती, बीम गेल्याची नव्हती.

आपल्याकडच्या भजनात बघ. पखवाजी घड्याळ बघत नाही, आवर्तनं मोजतो. दोघे वाजवणारे अचूक समेवर आले, पण एक जण एक आवर्तन मागे असेल, तर नुसत्या ठेक्यावरून ते ओळखता येत नाही. गायकाची ओळ चुकते तेव्हाच कळतं.

ही अडचण सगळ्यांनाच आली आहे. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या एलसीएलएस या एक्स-रे लेसरमध्ये 120 हर्ट्झला बीम चालायचा. तिथे इव्हेंट रिसीव्हरकडून (टायमिंगचे संदेश घेणाऱ्या कार्डाकडून) आलेला पल्स आयडी ईपिक्सच्या टाइमस्टॅम्पमध्येच, नॅनोसेकंदाच्या शेवटच्या 17 बिटांत भरला. त्यासाठी 131 मायक्रोसेकंदांपर्यंतची अचूकता सोडून दिली, कारण नंबर जास्त मोलाचा होता. युरोपियन एक्सएफईएलला सेकंदाला 10 ट्रेन (पल्सच्या माळा) असतात, तिथेही प्रत्येक ट्रेनला नंबर आहे. तुझ्या 10 पल्सना नंबर देणं त्या मानाने सोपं आहे.

फायबर_आणि_फर्मवेअर

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. मी टायमिंगच्या बोर्डांवर काम करते, त्यामुळे आकड्यांच्या रुंदीवरून झालेली रडारड बरीच पाहिली आहे.

पल्स आयडी 64 बिटांचाच मागा. 17 बिट 360 हर्ट्झने मोजले तर सहा मिनिटांत संपतात. 32 बिट तुमच्या 10 हर्ट्झला साडेतेरा वर्षं पुरतील, पण तेच सॉफ्टवेअर उद्या 1 मेगाहर्ट्झच्या यंत्रावर नेलं तर 72 मिनिटांत गुंडाळलं जाईल. एलसीएलएस-2 जवळपास 1 मेगाहर्ट्झसाठीच बांधलेलं आहे, तेव्हा ही कल्पनेतली गोष्ट नाही. आणि "वीज जाऊन आल्यावर आयडी मागे जाता कामा नये" हे वेगळं वाक्य म्हणून लिहा. गोव्यात राहून हे विसरलात तर पाऊस आठवण करून देईल.

वेळेबद्दल: नॅनोसेकंद हे 64 बिटांच्या पूर्णांकात ठेवा. 1970 पासूनचे सेकंद डबलमध्ये ठेवले तर आजच्या तारखेला दोन शेजारच्या आकड्यांत सुमारे 240 नॅनोसेकंदांचं अंतर असतं. पायथनमध्ये एकाने सवयीने फ्लोट केलं की बारकावे गेले, आणि एररही येत नाही. ईपिक्सचं घड्याळ 1 जानेवारी 1990 पासून मोजतं, युनिक्सचं 1970 पासून. फरक 631152000 सेकंदांचा. पीटीपी (एनटीपीहून अचूक घड्याळ-जुळवणी) टीएआय, म्हणजे लीप सेकंद नसलेली आण्विक वेळ देतं, ती यूटीसीच्या 37 सेकंद पुढे आहे. फाइलमध्ये कोणती वेळ जाणार ते एका ओळीत स्पष्ट लिहा. आयएसटी फक्त स्क्रीनवर.

अजून एक, फार महत्त्वाचं. चॅनल अ‍ॅक्सेसचा मॉनिटर लावला (ईपिक्सच्या जुन्या नेटवर्क पद्धतीने एखाद्या किमतीवर लक्ष ठेवलं) म्हणजे प्रत्येक अपडेट मिळेलच असं नाही. क्लायंट मागे पडला तर मधल्या किमती गळतात, शेवटची तेवढी मिळते. ऑपरेटरच्या स्क्रीनला ते चालतं, पल्स जुळवायला चालत नाही. त्यामुळे जुळवणी आयओसीजवळच (हार्डवेअर वाचणाऱ्या ईपिक्सच्या सर्व्हरजवळ) बफरमध्ये करा आणि पीव्हीअ‍ॅक्सेसवरून (ईपिक्सच्या नव्या नेटवर्क पद्धतीवरून) किमती, आयडी आणि वेळ यांचा एकत्र टेबल पाठवा. रेकॉर्डचा (ईपिक्समधल्या एका चॅनलच्या नोंदीचा) टीएसई, म्हणजे वेळ कुठून घ्यायची ते सांगणारं फील्ड, -2 ठेवून वेळ डिव्हाइस सपोर्टकडूनच (हार्डवेअर वाचणाऱ्या कोडकडून) घ्या, नाहीतर रेकॉर्ड प्रोसेस झाल्याची वेळ लागेल.

फर्मागुडी_तिसरं_वर्ष

मी विद्यार्थी आहे, चुकलं तर सांगा. सगळ्या क्रेटना पीटीपी किंवा व्हाइट रॅबिट (फायबरवरून घड्याळं जुळवणारी पद्धत) दिलं तर नंबराची गरजच काय? सर्नचं व्हाइट रॅबिट तर नॅनोसेकंदाच्या आत जुळतं ना?

फायबर_आणि_फर्मवेअर

जुळतं, आणि त्यातली मूळ कल्पना आता आयईईई 1588-2019 या मानकातही आहे. पण इथे दोन पल्समध्ये 100 मिलिसेकंदांचं अंतर आहे. लॅनवरचं साधं एनटीपी मिलिसेकंदाच्या आसपास राहतं. म्हणजे या यंत्रात घड्याळ ही अडचणच नाही! काकांच्या गोष्टीत घड्याळ बरोबरच होतं, शिक्का चुकीच्या क्षणी बसत होता. एडीसीचा (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपचा) ट्रिगर ज्या क्षणी हार्डवेअरमध्ये आला, त्याच क्षणी वेळही पकडली आणि नंबरही, तरच चांगल्या घड्याळाचा उपयोग.

तू विचारलंस ते बरं केलंस. हात बसवायचा असेल तर लॅपटॉपवर ईपिक्स 7 टाक, दोन सॉफ्ट आयओसी चालव, दोन्हींना एकच नंबर दे, पण एकाला रँडम उशीर लाव आणि अधूनमधून एखादा पल्स गाळ. मग पी4पी ही पायथनची लायब्ररी वापरून जुळवणारा प्रोग्रॅम लिही. एका शनिवारचं काम आहे, खर्च शून्य.

कंट्रोलरूम_निवृत्त (फोंडा)

वेर्णेवाल्या, सगळ्याच चॅनलला पल्स आयडी लावायच्या फंदात पडू नकोस. व्हॅक्यूम गेज आणि पाण्याचं तापमान सेकंदाला एकदा वाचलं तरी चालतं, तिथे नुसती वेळ पुरे. मॅग्नेटचा करंट मात्र विचारून घे. डीसी असेल तर तोही सावकाश वाचता येईल, पल्सवाला असेल तर तो आयडीच्या गटात. ही वाटणी कोष्टकात लिहून ग्राहकाची सही घे. जी प्रणाली सगळंच पल्सगणिक घेते, ती कशाचीच हमी देऊ शकत नाही.

आणि खड्ड्याची चाचणी दोन प्रकारे लिही. गन रोखली तर बीम नाही, पण डेटा सगळीकडून आलाच पाहिजे, आणि शून्य करंट एकाच नंबरावर दिसला पाहिजे. दुसरी चाचणी म्हणजे एका क्रेटची ट्रिगरची वायर काढायची. तेव्हा त्या क्रेटचा डेटा नाही असं दिसलं पाहिजे. शून्य वेगळं आणि "नाही" वेगळं.

वेर्णे_एम्बेडेड

काका, ताई, देव बरें करूं. दोन्ही चाचण्या काल बेंचवर करून पाहिल्या.

पहिली पास झाली. तिन्ही क्रेटमध्ये एकच नंबर आला, टाळीच वाजवली. दुसरीत मात्र पहिल्या क्रेटची वायर काढली आणि फाइलमध्ये खड्डाच नाही! नंबर नीट पुढे जात होते आणि फेजची किंमत शेवटच्या अंकापर्यंत तीच ती. 38.417, 38.417, 38.417. नंबर नेटवर्कवरून येत होता, किंमत बफरमधून, आणि बफर भरलाच नाही तर आमचा ड्रायव्हर जुनीच किंमत नव्या नंबरावर चिकटवत होता. हा कोड मीच लिहिलेला. स्क्रीनवर रेघ अगदी स्थिर आणि सुंदर दिसत होती.

आता मसुद्यात हे आहे: "ट्रिगर आल्याच्या क्षणी पल्स आयडी आणि वेळ ही दोन्ही हार्डवेअरमध्ये नोंदली जातील आणि मोजमापापासून वेगळी होणार नाहीत. एखाद्या पल्सचं मोजमाप मिळालं नाही, तर त्या आयडीसमोर ते नाही अशीच नोंद होईल, रेकॉर्डची सिव्हिरिटी (ईपिक्समधली अलार्मची पातळी) इनव्हॅलिड होईल, आणि मागची किंमत पुन्हा लिहिली जाणार नाही. पहिल्या गटातल्या, म्हणजे पल्स आयडी लागणाऱ्या, सर्व चॅनलची एका पल्सची ओळ पुढचा पल्स येण्याआधी, म्हणजे 100 मिलिसेकंदांत, पूर्ण होईल किंवा अपूर्ण म्हणून बंद होईल." खाली दोन्ही चाचण्या, पावलागणिक. तिसरी चाचणी वीज घालवण्याची, मेन स्विच बंद करून.

डेटाचा हिशोबही केला. 8 चॅनल, सेकंदाला 125 मेगासॅम्पल, 10 मायक्रोसेकंदांची खिडकी, नमुन्याला 2 बाइट. पल्सला 20 किलोबाइट, दिवसाला साधारण 17 जीबी. सगळे वेव्हफॉर्म ठेवणं परवडतं, म्हणून गाळणीची आवश्यकता काढून टाकली.

कंट्रोलरूम_निवृत्त (फोंडा)

ती 38.417 ची फाइल जपून ठेव आणि बैठकीला घेऊन जा. आणि एक विचारून घे: नंबर वाटणारा इव्हेंट जनरेटर कुणाचा, तुमचा की त्यांचा? इंटरलॉकने (सुरक्षेसाठी आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेने) बीम बंद पडला तरी नंबर पुढे जात राहतो का?

वेर्णे_एम्बेडेड

जनरेटर त्यांचा. इंटरलॉकचं आजच मेलवर विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकतो.